चिमणीखालची भट्टी

लेकीने पाव पुढे ठेवला. मी तो तोंडात घालण्याआधी नाकाला लावला, ही माझी जुनी खोड. नाकाला लावला आणि हात तिथेच थांबला.

"धुराचा वास येतोय," मी म्हणालो.

"येणारच. त्यासाठी तर बाहेर रांग लागते." ती ॲप्रनला हात पुसत होती.

"पण तुझी भट्टी गॅसवर चालते."

"हो."

"मग धूर कुठला?"

"जुनी भिंत आहे बाबा. जन्मभर काजळी प्यायलीय. तापली की थोडी काजळी परत करते. गिऱ्हाइकं म्हणतात असा पाव अख्ख्या शहरात नाही. तुम्ही खा. नाकाने पाव खाताना तुम्हालाच पाहिलं."

काजळीचा वास मला कळतो. माझी हयात काजळीत गेली. पावाला येत होता तो लाकडाचा वास, राळ सुटणाऱ्या, सरळसोट, जाड लाकडाचा. ते लाकूड या शहरात कोणी चुलीत घालत नसे. ते आम्ही वापरायचो, टेकूला.

मी हळूच पाव खाली ठेवला. माझ्या पाठीशी भट्टी होती आणि भट्टीच्या पाठीशी भिंत. ती भिंत म्हणजे शहरातल्या शेवटच्या चिमणीचा बुंधा. वर मान करून बघायची हिंमत झाली नाही. वाटलं, माझ्या नजरेचंही वजन तिला सोसणार नाही.

भीती कसली ते कळायला माझा धंदा कळायला हवा. मी चिमण्या पाडणारा.

आमच्या शहरात एके काळी इतक्या चिमण्या होत्या की पावसाला खाली यायला वाट मिळत नसे. थेंब वर "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत ताटकळत राहायचे. पांढरा सदरा सकाळी दोरीवर घातला तर संध्याकाळी करडा उतरायचा, आणि आठवडाभर विसरला तर काळा कोट म्हणून खपायचा. मग एकेक कारखाना बंद पडला. का पडला ते शहाण्या माणसांना विचारा, त्यांचं उत्तर दर निवडणुकीला बदलतं. धूर गेला तेव्हा आम्हाला कळलं की समोरच्या घराचा रंग पिवळा आहे. त्या घरातली माणसं तोवर निघून गेलेली. कुलपं विकणाऱ्याचा धंदा तेवढा जोरात होता. शेवटी एके दिवशी त्यानेही आपल्याच मालातलं एक कुलूप दुकानाला लावलं आणि चालता झाला.

त्या दिवसांत पोटभर जेवत होतो ते आम्ही. बंद कारखान्याच्या विटांना आणि लोखंडाला मागणी होती, आणि चिमणी वाटेत यायची. मी आणि माझा मेहुणा मिळून ती पाडायचो. मेहुण्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे की नाही हे तो दोरी न सोडता, नुसता एक डोळा मिटून सांगायचा. स्वतःही तसाच, वरून कोणीतरी लटकवल्यासारखा, सरळ आणि गप्प. बोलायचं काम माझ्याकडे होतं.

चिमणी पाडायची म्हणजे तिच्या बुंध्याला एका बाजूने तोंड पाडायचं. विटा काढायच्या, आणि जिथे काढल्या तिथे लगेच लाकडाचा टेकू ठोकायचा. असं करत करत निम्मा बुंधा लाकडावर आणायचा. मग टेकूंभोवती तेलात भिजवलेल्या चिंध्या रचायच्या, पेटवायच्या आणि उलट्या बाजूला पळत सुटायचं. टेकू जळतात, चिमणी जराशी विचार करते आणि आम्ही सांगितलेल्या जागी आडवी होते. अशा कितीतरी झोपवल्या.

या शेवटच्या चिमणीचे टेकू ठोकून झाले होते. पेटवायचं तेवढं बाकी होतं. त्याच दुपारी ज्याने कारखाना विकत घेतला तो माणूस गायब झाला, सरकारी माणसं आली, गेटाला सील लागलं. आम्ही बाहेर आणि चिमणी आत. पुढे कोणीतरी त्या तोंडावर अर्ध्या विटेची पडदी घातली आणि गिलावा केला, आत कुत्री जाऊ नयेत म्हणून असेल.

मग बरीच वर्षं काहीच झालं नाही. पुढे शहराला पुन्हा पालवी फुटली. आधी चित्रं काढणारे आले, कारण भाडं नव्हतं. मग कॉफीवाले आले, कारण चित्रं काढणारे होते. मग काँप्युटरवाले आले आणि चित्रं काढणाऱ्यांना भाडं परवडेना. लोखंडाच्या कारखान्यात व्यायामशाळा झाली. जिथे माणसं पोटासाठी घाम गाळायची तिथे आता माणसं पोट घालवण्यासाठी घाम गाळू लागली. आणि आमच्या चिमणीच्या पायथ्याचं बॉयलर घर माझ्या लेकीने बेकरीसाठी भाड्याने घेतलं. भट्टी अगदी बुंध्याला चिकटून लावली. जुनी वीट दिसली की गिऱ्हाइकाला बरं वाटतं म्हणे.

तुम्ही विचाराल, तेव्हाच का बोलला नाहीत. कारण मला वाटत होतं, टेकू आत नाहीतच.

खोटं नाही सांगत. ही चिमणीची गोष्ट मी चहाच्या दुकानात, न्हाव्याकडे, लग्नात, मयतीत, जिथे माणूस बसलेला दिसला तिथे सांगत आलोय. एका गोष्टीत मी आणि ओळंबा भिंतीवरून उड्या मारून आत गेलो, मला कुत्रं चावलं, तरी टेकू काढले आणि विटा परत बसवल्या. दुसऱ्या गोष्टीत त्या थंडीत गल्लीने ते टेकू शेकोटीला जाळले. तिसरीत टेकू नव्हतेच, कामावरची पोरं चहाला गेली तेवढा वेळ मीच खांदा देऊन उभा होतो. पहिली गोष्ट लोकांना जास्त आवडायची. म्हणून ती जास्त वेळा सांगितली आणि सांगून सांगून ती माझी आठवण होऊन बसली.

आता त्या पावाचा वास नाकात होता आणि तिन्ही गोष्टी एकमेकींकडे बघत होत्या.

मी उठून भट्टीच्या बाजूला भिंतीला तळहात लावला. गरम होती. भट्टीची ऊब असेल. थोडा पलीकडे सरकलो, जिथे भट्टी नव्हती, तिथे लावला. तिथेही गरम.

"लेकी," मी म्हणालो, "या भिंतीच्या आत टेकू असतील तर?"

"कुठल्या गोष्टीतले?" तिने ट्रे सरकवला. "कुत्रं चावलं त्यातले, शेकोटीतले, की खांद्यावाल्या गोष्टीतले?"

"थट्टा नको."

"थट्टा मी करतेय का बाबा? लहान असताना मी शाळेत सांगितलं होतं, माझ्या बाबांनी चिमणी खांद्यावर धरली. मुलं दहावीपर्यंत मला चिमणी म्हणत होती." ती हसली, पण हात थांबले नाहीत. "बेकरी घेताना इंजिनीअर बाईंनी मशीन लावून चिमणी मोजलीय. सरळ आहे. जा, मामाकडे जाऊन बसा, बरं वाटेल."

बाहेर रांग होती. माणसं मोबाईलवर चिमणीचे फोटो काढत होती. त्यांच्या मुलांनी तिच्या सावलीत पळापळ मांडली होती. मी त्यांच्या मधून जाताना श्वास आत धरला होता.

ओळंबा घरी मोडक्या खुर्चीचा पाय बसवत होता. त्याचं घर जुन्या रंगकारखान्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत. मी दारातच विचारलं, "त्या शेवटच्या चिमणीचे टेकू आपण काढले का?"

"काढले की," तो म्हणाला. "भिंतीवरून गेलो. तुम्हाला कुत्रं चावलं."

"ते मी सांगतो. खरं काय झालं?"

"खरं म्हणजे?"

"म्हणजे मी सांगायला लागण्याच्या आधीचं."

त्याने हातोडी खाली ठेवली. "दाजी, मी जन्मभर तुमच्या शेजारी बसून ऐकलंय. आता माझ्या डोक्यात जे आहे ते तुमचंच. माझ्या लग्नात अस्वल नाचलं होतं, हेसुद्धा मला स्वच्छ दिसतं."

"अस्वल नव्हतं रे."

"बघा. मला वाटायचं, होतं."

"हे बघ, मी कधीच कोणाला न सांगितलेलं असं काहीतरी त्या दिवसातलं आठव. माझ्या तोंडून कधी न ऐकलेलं."

तो मान खाली घालून बसला. खुर्चीचा पाय हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "डबा."

"कसला डबा?"

"जेवणाचा."

आमच्यात एक रीत होती. ज्याने टेकू ठोकले त्याने त्याच टेकूला पाठ लावून डबा खायचा, मगच चिंध्या रचायच्या. म्हणजे हयगय करायची कोणाची छाती होत नसे.

"तुम्ही टेकूला टेकून बसला होतात," ओळंबा सांगू लागला. "घास तोंडात घेतलात आणि गिळेचनात. मी म्हणालो पाणी प्या, तर पाणीही तोंडातच. गाल फुगलेले, डोळे बाहेर. वरून रेतीचे चार कण तुमच्या डब्यात पडले, तर तुम्ही डबा मांडीवरून हलवला नाहीत, चिमणी बिथरेल म्हणून. त्या दुपारी तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. म्हणून तर लक्षात राहिलं."

"मग?"

"मग सरकारी माणसं आली. आपण बाहेर. गेटाबाहेर तुम्ही घास थुंकलात आणि म्हणालात, कोणी सोन्याने मढवलं तरी मी परत आत जाणार नाही."

"आणि गेलो नाही?"

"तुम्ही? वर्षभर त्या गल्लीतून गेला नाहीत. भाजीला जायचं तर लांबचा वळसा. ताई किती वैतागायची."

हे मी कधीच, कोणालाच सांगितलं नव्हतं. न सांगितल्यामुळे ते जसंच्या तसं राहिलं होतं. आणि ओळंब्याने ते सांगताच तो घास माझ्या तोंडात परत आला.

"म्हणजे आत आहेत," मी म्हणालो.

"आत आहेत. आणि तिने भट्टी लावलीय त्यांच्या अंगाला."

आम्ही दोघं जिना उतरलो ते हत्यारांची पिशवी घेऊनच. या वयात पळता येत नाही, पण भीतीने चाललो तर पळणारे मागे पडतात.

बेकरीत लेक गिऱ्हाइकाला पिशवी देत होती. मी तिला बाजूला घेतलं.

"टेकू आत आहेत," मी म्हणालो. "आम्ही काढले नव्हते. मी घाबरलो होतो. तुझी भट्टी त्यांना आतल्या आत जाळतेय. तुझ्या पावाला वास त्यांचा आहे."

ती वाट बघत राहिली. "पुढे?"

"पुढे काही नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग मामाकडे. मामाने मान हलवली. माझी गोष्ट इतकी छोटी तिने उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती. तिच्या चेहऱ्यावरचं पीठ आहे तसंच राहिलं, पण त्याखालचा रंग गेला.

आरडाओरडा केला असता तर माणसं धावली असती, खुर्च्या पडल्या असत्या, कोणीतरी भिंतीवर आदळलं असतं. लेकीने तसं केलं नाही. तिने गॅस बंद केला आणि गल्ल्यापाशी जाऊन शांतपणे सांगितलं, "आजच्या पावात मीठ पडायचं राहिलं. बेकरी बंद करतेय. बाहेरची टेबलं पण आवरायची आहेत, सगळ्यांनी पलीकडच्या रस्त्यावर जावं."

रांग कुरकुरली. एक जाडजूड गृहस्थ पुढे आले. "मला मीठ चालत नाहीच. डॉक्टरांनी बंद केलंय. मला द्या."

"काका, उद्या."

"उद्या मीठ असेल."

"तुमच्यासाठी वेगळा काढते. आता जा."

"लिहून ठेवा हं, नाहीतर विसराल." आणि ते काउंटरला रेलून उभे राहिले, चांगले शंभर किलो. काउंटर भिंतीला जोडलेला होता. मी त्यांचा दंड धरला आणि अस्वलाला नेतात तसं त्यांना रस्त्यापार नेऊन सोडला. मी दंड सोडत नव्हतो. त्यांना वाटलं मला आधार हवाय, म्हणून तेच मला सांभाळत चालले.

लेकीने कामगार मुलींनाही बाहेर पाठवलं आणि इंजिनीअर बाईंना फोन लावला. बाईंनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अग्निशामक दल घेऊन निघते. तोवर सगळे लांब व्हा. कोणी कशालाही हात लावू नका."

हात लावू नका म्हणजे काय ते आम्हाला कळतं. पण आमच्या धंद्यातले हात असं ऐकणारे नव्हेत. लेक फोन ठेवते तोवर ओळंब्याच्या हातात छिन्नी आली होती. "आत किती उरलंय ते नुसतं बघतो," तो म्हणाला. मीही त्याला थांबवलं नाही. उलट बोटाने जागा दाखवली. खाली, जमिनीपासून वीतभर, वाऱ्याच्या बाजूला. आयुष्यभर आम्ही तिथेच भोक पाडत आलो होतो. का, तर तिथून हवा आत शिरली की टेकू चांगले पेटतात.

हे डोक्यात आलं तोवर पडदीची वीट निघाली होती.

चिमणीने श्वास घेतला. दुसरा शब्द नाही त्याला. लाकडी टेबलावर सांडलेलं पीठ उठलं, त्याची एक पांढरी दोरी झाली आणि ती सरळ त्या भोकात ओढली गेली. आत पिठाचे कण तडतडून पेटले. त्या उजेडात मला आमचे टेकू दिसले. काळेभोर कोळसे, आपल्या जागी उभे. त्यांच्या अंगावर लाल रेघा वर चढत होत्या. एक टेकू कडकन वाजला. वरून रेती पडली, माझ्या मानेवर.

"वीट लाव," मी म्हणालो. वीट ओळंब्याच्या हातात दोन तुकडे होऊन पडली होती. तो त्या तुकड्यांकडे बघत राहिला. मी बघत राहिलो त्याच्याकडे. पळायचं हेसुद्धा सुचेना.

"बाजूला व्हा दोघं," लेक म्हणाली.

तिने पिंपातून कणकेचा गोळा उपसला. उद्याच्या पावाचं सगळं मळलेलं पीठ, लहान मुलाएवढं. ते दोन्ही हातांनी उचललं आणि त्या भोकावर थापलं. चिमणीने ते आत ओढलं, पीठ फुगलं, गुरगुरलं. तिने दुसरा गोळा थापला, त्यावर ओलं पोतं, त्यावर तिसरा गोळा. मग तळहातांनी दाबून धरलं. मीही धरलं. ओळंब्यानेही. आतून चटका बसत होता आणि पीठ आमच्या हाताखाली भाजत चाललं होतं. ओढ कमी झाली. मग थांबली.

काही वेळाने लेक म्हणाली, "मामा, बाहेर जाऊन बघ."

ओळंबा गेला, एक डोळा मिटून उभा राहिला, परत आला.

"सरळ आहे."

"नक्की?" मी विचारलं.

"आत्ता सरळ आहे," तो म्हणाला, आणि परत हात लावून उभा राहिला.

मी लेकीला जा म्हणालो. तिने ऐकलं नाही. शपथ घातली, तरी नाही. तेवढ्या वेळात मी जेवढा घाबरलो त्याचा हिशोब मला कुठल्याच गोष्टीत बसवता आलेला नाही. बाई आल्या तेव्हा आम्ही तिघं भिंतीला चिकटलेले आणि आमच्या हाताखाली खमंग भाजलेला पाव. त्यांनी एकेकाचा हात धरून आम्हाला सोडवलं आणि उलट्या बाजूने रस्त्यापार नेलं.

मग रस्ता बंद झाला, लोखंडी जॅक आले, आतला विस्तव थेंबाथेंबाने विझवला गेला. टेकू काढायला गेले तर ते हातातच भुगा झाले. बाईंनी कागदावर बऱ्याच रेघा मारल्या. शेवटी म्हणाल्या, "ही इतके दिवस कशावर उभी होती ते मला दाखवता येत नाही."

"सवयीवर," ओळंबा म्हणाला.

आता चिमणी पोलादावर उभी आहे. बेकरी पुन्हा सुरू झाली, भट्टी दुसऱ्या भिंतीला गेली. पावाला धुराचा वास येत नाही. त्यामुळे निम्मी रांग गळाली. बिनमिठाचे काका मात्र रोज येतात.

परवा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. लेक ट्रे पुसत होती. मी आणि ओळंबा चहा पीत होतो. तिने मान वर न करता विचारलं, "बाबा, अशी अर्धवट राहिलेली दुसरी कुठली होती का?"

"नाही," मी ताबडतोब म्हणालो. मग थांबलो. कारण एक आठवली. रंगकारखान्याची. ती आम्ही टेकू देऊन पुरती झोपवली, असं मी सांगतो. की टेकू ठोकल्यावर मालकाने मत बदललं, वरचा भाग वरूनच उतरवला, आणि बुंधा तसाच ठेवून नव्या इमारतीच्या भिंतीत घेतला? हेही मी सांगतो. न्हाव्याकडे एक, चहाच्या दुकानात दुसरं.

"कुठली?" लेकीने विचारलं. ट्रे पुसायचा थांबला होता.

"रंगकारखान्याची," मी म्हणालो आणि ओळंब्याकडे पाहिलं. त्याने चहा खाली ठेवला होता. त्याच इमारतीत त्याचं घर. त्याची सून या वेळी नातवाला घेऊन झोपलेली असते, आणि गेल्याच आठवड्यात तिने त्या भिंतीला लागून पाणी तापवायचा बंब बसवून घेतलाय.

"दाजी," तो म्हणाला, "त्या दोन गोष्टींतलं खरं कुठलं?"

मला सांगता येईना. तो उठला आणि पळत सुटला.